दह्याची वाटी

वडगावात, आमच्या गल्लीत
माग थांबले की मगच माणसं ऐकू येतात.
करंट गेला, की पदरावरचा अर्धा मोर
तसाच ठेवून आम्ही कट्ट्यावर येतो
आणि सुरू होतं :

ग्रहणात विळी धरली की पोराचा ओठ फाटतो.
टाकीच्या पाण्यानं मुली लौकर शहाण्या होतात.
ते नवे भाडेकरू आले, आणि ताप आला गल्लीला.
तिकडची माणसं तसलीच.
(तिकडची म्हणजे कुठली, ते बोलणाऱ्यावर आहे.
आमच्यात तिकड दर दोन गल्ल्यांनी बदलतं.)

मी विचारते, कशावरून?
कांडी भरता भरता. आवाज न चढवता.
भरमूतात्या म्हणतात, "काय विचारूलालीस गं,
सगळ्यांस्नी ठाव हाय की!"
सगळे म्हणजे किती, तात्या?
ओठ कुणाचा? कुठल्या घरचा?
आणि त्याच ग्रहणात वांगी चिरून
धडधाकट पोरं झालेल्या बायका
कुणी मोजल्या?

म्हणतात, चार बुकं शिकून शेफारली.
सातवीत शाळा सुटली माझी.
मला शिकवलं ते दह्यानं.

ओमाण्णा खोकायचे.
आधी थंडीत, मग पावसात, मग बारा महिने.
सासूबाई म्हणाल्या, दही.
समोरची म्हणाली, दही.
मेडिकलवाल्या पोरानंसुद्धा गोळ्या कापता कापता
सांगितलं, दही बंद करा.
मी बंद केलं.
चार वर्षं.
ताटात भाकरी, खर्डा,
आणि वाटी असायची तिथं कोरडं पितळ.
ते काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले,
"खोकला तर कमी येईना की गं."
मी म्हटलं, चोरून खात असाल कुठंतरी.

सिव्हिलमध्ये छातीचा फोटो काढला.
डॉक्टरीण नर्सशी कन्नडात बोलली,
माझ्याशी मराठीत :
मागाच्या धुळीत किती वर्षं?
एकतीस, मी म्हटलं. आणि दही?
ती म्हणाली, दह्याचं काय?

धूळ असावी, म्हणाली. अजून दोन तपासण्या करू.
असावी.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी मला "असावी" म्हणालं.

शेवटचे पाच महिने
रोज दोन वाट्या दिल्या. साखर घालून.
त्याचा हिशेब कुणी मागितला नाही.

तर आता हा ताप.
भाडेकरूंच्या कल्लव्वाला परवा नळावर
बायकांनी घागर लावू दिली नाही.
ती भांडली नाही. एवढंच म्हणाली,
"ह्यांग गोत्त निमगं?"
मी हसले. माझंच वाक्य,
दुसऱ्या घरी दिलेलं.

मग आम्ही दोघींनी कट्ट्यावर कांड्या मांडल्या.
ताप आलेल्या घराला लाल, न आलेल्याला पांढरी.
तारखा विचारत दारोदार फिरलो,
अर्ध्या दारांत ती बोलली, अर्ध्यांत मी.
पहिली लाल भरमूतात्यांच्याच उंबऱ्यावर बसली,
कल्लव्वाचा टेम्पो यायच्या बारा दिवस आधी.
तात्या चष्मा पुसत राहिले.

माझ्या मनात टाकी होती.
खरं सांगते, टाकीच निघावी असं वाटत होतं,
टाकीच्या कंत्राटदाराचं आणि आमचं जुनं वाकडं आहे.
पण दोन लाल कांड्या
स्वतःची बोअर असलेल्या घरांवर पडल्या.
उचलून बाजूला ठेवाव्या, असा हात गेलासुद्धा.

कल्लव्वा बघत होती.
ठेवल्या तिथंच.

पालिकेचा माणूस बाटल्या भरून घेऊन गेलाय.
अजून काही कळलेलं नाही.
कट्ट्यावर रोज कुणीतरी विचारतं, मग कशानं गं?
मी म्हणते, माहीत नाही.
हे म्हणताना अजून जीभ अडखळते.

करंट आला. सगळ्या उठल्या.
मोराच्या तुऱ्याला लाल लागतो,
आणि माझी सगळी लाल कट्ट्यावर मांडलेली.
थांबू दे मोराला.